नर्मदेच्या गजबजलेल्या घाटांवर : नवख्यांसाठी जलसुरक्षा आणि जलशिष्टाचार

जबलपूर : ग्वारीघाटावर सायंआरतीची वेळ जवळ आली की नदीचे पात्र आणि पायऱ्या यांतील सीमारेषा पुसट होते. पायऱ्यांवर दिवे व फुले विकणारे, पाण्यात कमरेपर्यंत उभे असलेले स्नानार्थी, पात्रातील लहानशा नर्मदा मंदिराकडे आणि पैलतीरावरील गुरुद्वाराकडे ये-जा करणाऱ्या नावा, नदीत चुनरी अर्पण करण्यासाठी आलेली कुटुंबे आणि या साऱ्यांचे छायाचित्रण करणारे पर्यटक यांची एकाच वेळी गर्दी होते. यांतील बरेच जण त्या दिवशी प्रथमच नर्मदेत उतरत असतात. विदर्भातून रेल्वेने वा मोटारीने येणारी मराठी कुटुंबे त्यांत असतात, परिक्रमेला निघालेले पुण्या-नाशिककडचे यात्रेकरू असतात आणि भेडाघाटचे संगमरवरी खडक पाहण्यासाठी आलेली शाळा-महाविद्यालयांची सहलही असते.

या नवख्या माणसाला नदीची भीती वाटत नाही, ही खरी अडचण आहे. समुद्रकिनारी लाट दिसते, तिचा आवाज येतो आणि माणूस आपोआप सावध होतो. जबलपूरजवळची नर्मदा हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात बहुतेक ठिकाणी संथ, हिरवट व शांत दिसते. तिच्या पोटातील खडक, डोह आणि प्रवाह काठावरून दिसत नाहीत. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अपघाती मृत्यूंविषयीच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात ३८ हजारांहून अधिक व्यक्ती बुडून मरण पावल्या आणि राज्यांच्या यादीत मध्य प्रदेश व महाराष्ट्र सर्वांत वर होते. संयुक्त राष्ट्रांनी २०२१ पासून २५ जुलै हा बुडण्याच्या घटना रोखण्याचा जागतिक दिवस म्हणून पाळण्यास प्रारंभ केला. नेमक्या त्याच काळात, म्हणजे पावसाळ्याच्या ऐन भरात, मध्य भारतातील नद्या सर्वाधिक धोकादायक असतात.

वरच्या अंगाला धरण आहे

जबलपूरच्या कोणत्याही घाटावर पाऊल ठेवण्यापूर्वी एक गोष्ट ठाऊक असणे आवश्यक आहे. येथील नर्मदा ही मुक्त वाहणारी नदी राहिलेली नाही. शहराच्या वरच्या अंगाला बरगी धरण, म्हणजेच राणी अवंतीबाई लोधी सागर प्रकल्प आहे. नर्मदेवरील मोठ्या धरणांपैकी सर्वांत आधी पूर्ण झालेल्या या धरणाची उंची सुमारे ६९ मीटर आणि लांबी सुमारे ५.४ किलोमीटर आहे. त्याच्या सांडव्याला २१ दरवाजे असून जलाशयाची पूर्ण संचय पातळी ४२२.७६ मीटर आहे. ग्वारीघाट, तिलवाराघाट, लम्हेटाघाट आणि भेडाघाट ही सारी ठिकाणे धरणाच्या खालच्या अंगाला येतात.

पावसाळ्यात जलाशय भरत आला की दरवाजे टप्प्याटप्प्याने उघडले जातात. त्यापूर्वी प्रशासन खालच्या घाटांवरील लोकांना पात्रापासून दूर राहण्याचा इशारा देते. हा इशारा ऐकू आला, तर स्नान अर्धवट टाकून वर यावे. कपडे, चपला वा पूजेचे साहित्य गोळा करण्यासाठी परत खाली उतरू नये. एवढे बहुतेकांना समजते. न समजणारा भाग निराळा आहे. दरवाजे बंद असतानाही धरणाच्या वीजगृहातून पाणी सोडले जाते आणि त्याचे प्रमाण विजेच्या मागणीनुसार कमी-अधिक होते. त्यामुळे आकाश निरभ्र असताना, आसपास कोठेही पाऊस नसताना, खालच्या घाटांवर पाण्याची पातळी आणि वेग बदलू शकतो. सकाळी कोरडा असलेला खडक दुपारी पाण्याखाली जातो. सकाळी गुडघाभर पाण्यातून चालत गाठलेला खडक परतताना चारी बाजूंनी वेढलेला आढळतो. पात्रातील खडकांवर डबा उघडून बसणारी सहल अशाच वेळी अडकते.

या धोक्याचे सर्वांत भीषण उदाहरण नर्मदेवरीलच आहे. ७ एप्रिल २००५ च्या रात्री देवास जिल्ह्यातील धाराजी येथे भूतडी अमावस्येच्या यात्रेसाठी मोठा जनसमुदाय नदीकाठी जमला होता. मराठी पंचांगाप्रमाणे ही फाल्गुनातील अमावस्या, पाडव्याच्या तोंडावरची. वरच्या अंगाच्या इंदिरा सागर धरणातून सोडलेले पाणी रात्री अचानक वाढत आले आणि पात्रातील व काठावरील यात्रेकरू त्यात सापडले. साठहून अधिक जणांना प्राण गमवावे लागले. तो पावसाळा नव्हता आणि नदीला पूरही आलेला नव्हता.

तेव्हा घाटावर पोहोचताच करावयाचे पहिले काम स्नानाचे नसून निरीक्षणाचे आहे. पाण्याला लागून असलेल्या एखाद्या पायरीवर किंवा खडकावर खूण हेरून ठेवावी आणि दहा-पंधरा मिनिटांनी ती पुन्हा पाहावी. खूण पाण्याखाली गेली असेल, पाणी गढूळ होऊ लागले असेल, काटक्या व पाला वाहत येऊ लागला असेल किंवा प्रवाहाचा आवाज बदलला असेल, तर पाणी वाढत आहे असे समजावे. घाटावरील नावाडी आणि दुकानदार यांना ही चिन्हे दुरूनच कळतात. त्यांनी "वर या" म्हटले की कारण विचारण्याआधी वर येणे शहाणपणाचे.

पायरी, शेवाळ आणि डोह

घाटावरील अपघातांचा विचार करताना लोकांच्या डोळ्यांसमोर पोहता पोहता दमलेला माणूस येतो. प्रत्यक्षात पोहण्याचा विचारही नसलेला, केवळ पाय धुण्यासाठी किंवा तांब्याभर पाणी घेण्यासाठी वाकलेला माणूसही तितकाच धोक्यात असतो. पाण्याखालच्या पायऱ्यांवर शेवाळ असते. शेवटची दिसणारी पायरी आणि तिच्या पुढची न दिसणारी पायरी यांत किती अंतर आहे, हे वरून कळत नाही. काही ठिकाणी पायरी संपते आणि थेट खोली सुरू होते. गाळ उपसला गेलेल्या जागी पाण्याखाली खड्डे असतात.

म्हणून न पोहणाऱ्याने कमरेच्या वर पाण्यात जाऊ नये. वेग असेल तेथे गुडघ्याच्या वरही जाऊ नये, कारण वाहते पाणी गुडघ्याच्या वर चढले की सुदृढ माणसालाही पाय रोवून उभे राहणे कठीण जाते. साखळी किंवा कठडा असेल तर तो हाताने धरून, एक पाय पक्का टेकल्यावरच दुसरा उचलावा. प्रवाहाकडे तोंड करून उभे राहिल्यास तोल अधिक चांगला सावरतो. साडी, धोतर आणि सलवार ओले झाल्यावर पायांत गुंतते. स्नानासाठी आखूड व घट्ट वस्त्र असणे ही मर्यादेइतकीच सुरक्षिततेचीही बाब आहे. भरल्या पोटी, मद्यपान केलेले असताना, अंधारात आणि एकट्याने पाण्यात उतरू नये. पहाटेच्या स्नानाचा आग्रह धरणाऱ्यांना यांतील शेवटच्या दोन अटी रुचत नाहीत, परंतु संक्रांत, नर्मदा जयंती वा सोमवती अमावस्येच्या गर्दीत पहाटेच्या अंधारात कोणी घसरले, तर शेजारच्या माणसालाही ते कळत नाही, हे लक्षात घ्यावे लागते.

लहान मुलांच्या बाबतीत अंतराचा नियम एकच : मूल मोठ्या माणसाच्या हाताच्या टप्प्यात असले पाहिजे. कुटुंबातील सात-आठ मोठी माणसे घाटावर असताना मूल बुडते, याचे कारण प्रत्येकाला दुसरा लक्ष ठेवत असल्याचा भरवसा असतो. कोणाचे लक्ष कोणावर, हे नाव घेऊन ठरवावे आणि त्या व्यक्तीने तेवढा वेळ भ्रमणध्वनी पिशवीत ठेवावा.

धुआंधार आणि भेडाघाट

जबलपूरहून सुमारे वीस-पंचवीस किलोमीटरवरील भेडाघाट येथे नर्मदा सुमारे तीस मीटर उंचीवरून कोसळते. उडणाऱ्या तुषारांचा धूर दिसतो म्हणून हा धुआंधार. धबधब्याच्या खाली नदी संगमरवरी खडकांच्या सुमारे तीन किलोमीटर लांबीच्या अरुंद घळीत शिरते. भेडाघाट-लम्हेटाघाट परिसराचा समावेश २०२१ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत झाला. ऐन पुरात पाणी इतके चढते की धबधबा दिसेनासा होतो आणि तेथे एकसंध, वेगवान प्रवाह उरतो.

धबधब्याच्या पायथ्याचे पाणी पोहणाऱ्यालाही का सोडत नाही, हे समजून घेण्याजोगे आहे. कोसळणारे पाणी तळाशी जाऊन वर येते आणि त्याचा काही भाग पुन्हा धबधब्याकडेच वळतो. त्यात सापडलेली वस्तू वर येते, मागे खेचली जाते आणि पुन्हा खाली दाबली जाते. शिवाय फेसाळ पाण्यात हवा मिसळलेली असते. असे पाणी शरीराला नेहमीइतके उचलून धरीत नाही. निष्णात पोहणाराही तेथे हतबल होतो. काठावरचा संगमरवर तुषारांनी सतत ओला राहतो आणि शतकानुशतकांच्या प्रवाहाने तो गुळगुळीत झालेला आहे. कठड्याच्या पलीकडे छायाचित्रासाठी टाकलेले पाऊल हे येथील सर्वांत महाग पाऊल ठरू शकते. 'जिस देश में गंगा बहती है' आणि 'अशोका' या चित्रपटांनी हे खडक देशभर पोहोचवले. पडद्यावर दिसते तशा ठिकाणी उभे राहण्याचा मोह त्यांनीच निर्माण केला, असे म्हटले तर ते फारसे चुकीचे होणार नाही.

येथे आणखी एक प्रथा आहे आणि तिच्याबाबत पर्यटकांनी कठोर व्हावयास हवे. स्थानिक मुले थोड्या पैशांच्या मोबदल्यात उंच खडकांवरून पाण्यात उड्या मारून दाखवतात. घाटांवर यात्रेकरूंनी टाकलेली नाणी शोधण्यासाठी मुले बुड्या मारतात. मुले नदीकाठी वाढलेली असल्याने त्यांना काही होत नाही, हा समज निराधार आहे. पाण्याची पातळी बदलली की कालचा खोल डोह आज उथळ असतो. उडी मारून दाखवण्याची फर्माईश करू नये आणि कोणी न विचारता उडी मारली तरी पैसे देऊ नयेत. मुलाला काही द्यावयाचेच असेल, तर ते काठावर, उडीशी संबंध न ठेवता द्यावे.

नावेत बसण्यापूर्वी

संगमरवरी खडकांतील नौकाविहार भेडाघाटच्या पंचवटी घाटावरून होतो. पावसाळ्यात तो बंद असतो आणि पाणी उतरल्यावर पुन्हा सुरू होतो. बंदीच्या काळात खाजगीत नाव नेण्यास कोणी तयार झाला, तरी बसू नये. जो नावाडी नियम मोडून नेतो, त्याच्याकडून अडचणीच्या वेळी शिस्तीची अपेक्षा ठेवणे व्यर्थ आहे.

नाव निवडताना प्रवाशाने तीन गोष्टी पाहाव्यात. नाव रिकामी असताना आणि भरल्यावर पाण्याच्या वर किती उरते, हे पहिले. भरलेल्या नावेची कड पाण्याला टेकण्याच्या बेतात असेल तर ती नाव सोडून द्यावी. तळाशी साचलेले पाणी हे दुसरे. थोडे पाणी प्रत्येक नावेत असते, परंतु ते उपसण्यासाठी डबा आहे काय, हे विचारावे. तिसरे म्हणजे प्रत्येक प्रवाशासाठी लाइफ जॅकेट. चाळीस प्रवाशांच्या नावेत दहा जॅकेटे टांगलेली असणे म्हणजे जॅकेट नसणेच होय.

१८ जानेवारी २०२४ रोजी वडोदऱ्याच्या हरणी तलावात सहलीला आलेल्या शाळकरी मुलांची नाव उलटून बारा विद्यार्थी आणि दोन शिक्षिकांचा मृत्यू झाला. नावेत क्षमतेपेक्षा अधिक प्रवासी होते आणि अनेकांच्या अंगावर जॅकेट नव्हते. ते एका शहरातील बंदिस्त तलावाचे पाणी होते. त्याच वर्षी २१ मे रोजी उजनी जलाशयात, करमाळा तालुक्यातील कुगावहून इंदापूर तालुक्यातील कळाशीकडे निघालेली नाव वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण बुडाले. या दोन घटनांतून निघणारे दोन धडे जबलपूरला तंतोतंत लागू पडतात. पहिल्याचा संबंध गर्दीशी आहे. दुसरा वाऱ्याचा आहे आणि तो बरगी जलाशयावर जाणाऱ्यांनी विशेष ध्यानात ठेवावा.

बरगीचा जलाशय सुमारे ७५ किलोमीटर लांब आणि काही ठिकाणी साडेचार किलोमीटर रुंद आहे. एवढ्या उघड्या पाण्यावर वारा सुटला की अडवणारे काही नसते आणि पाहता पाहता लाटा उठतात. एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर येणारी वावटळ व वळिवाचा वारा यांमुळे नदीच्या अरुंद पात्रात जे पाणी नुसते थरथरते, तेच जलाशयावर नाव हेलकावण्याइतके उसळते. क्षितिजावर काळे ढग, एकाएकी पडलेला गारवा, पाण्याच्या पृष्ठभागावर दूरवर दिसणारी गडद, खरखरीत पट्टी यांपैकी काहीही दिसले तर नाव निघू नये आणि निघालेली असल्यास जवळच्या काठाला लागावे. सकाळची वेळ जलविहाराला केव्हाही अधिक चांगली. भाडे भरलेले आहे म्हणून फेरी पूर्ण करण्याचा आग्रह धरणारा प्रवासी स्वतःसह इतरांनाही संकटात टाकतो.

लाइफ जॅकेट अंगावर चढवणे आणि ते नीट बांधणे यांत फरक आहे. सर्व पट्टे आवळल्यानंतर दुसऱ्या व्यक्तीने खांद्यांजवळ धरून जॅकेट वर ओढून पाहावे. ते कानांपर्यंत सरकले तर पाण्यात पडताच डोक्यावरून निघून जाईल. मुलांना मोठ्यांचे जॅकेट चालत नाही. जॅकेटावरून पाठपिशवी किंवा शाल घेऊ नये, आणि छायाचित्रासाठी ते दोन मिनिटे काढण्याची सवलतही घेऊ नये. उन्हाळ्यात ते उकडते, त्याला घामाचा वास येतो, साडीवर शोभत नाही, हे सारे खरे आहे. तरीही ते काठावर उतरल्यावरच काढावे.

नावेत चढताना एकामागून एक, वाकून, मध्यभागी पाऊल ठेवावे. नाव सुटल्यावर उभे राहू नये. संगमरवरी खडकांच्या घळीत नावाडी आपल्या यमकबद्ध, विनोदी निवेदनात एखाद्या खडकाकडे बोट दाखवतो आणि साऱ्यांचे मोबाइल एकाच बाजूला वळतात. नाव कलंडण्याची शक्यता अशाच क्षणी सर्वाधिक असते. बसल्या जागेवरून मान वळवावी, अंग नव्हे. हात पाण्यात सोडू नयेत, कारण अरुंद जागी नाव खडकाला किंवा दुसऱ्या नावेला घासून जाते. शरद पौर्णिमेच्या सुमारास, नर्मदा महोत्सवाच्या दिवसांत, चांदण्यातील खडक पाहण्यासाठी मोठी गर्दी होते. रात्रीच्या अशा फेरीत नावेवर दिवा आहे काय आणि प्रवाशांची मोजणी झाली काय, याची खात्री करून घ्यावी.

कायद्याची चौकट अस्तित्वात आहे. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१७ मध्ये नौका सुरक्षेबाबत मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या आणि १९१७ च्या जुन्या कायद्याच्या जागी अंतर्देशीय जलयान अधिनियम, २०२१ आला. नोंदणी, प्रवासीक्षमता आणि जीवरक्षक साधने यांचा विचार त्यांत आहे. मात्र घाटावर उभ्या असलेल्या वल्ह्याच्या नावेपर्यंत कागद पोहोचण्यास वेळ लागतो. तोवर प्रवाशाचा नकार हीच सर्वांत परिणामकारक तपासणी आहे.

कोणाला वाट द्यावी

रस्त्यावर जशी वाहतुकीची रीत असते तशी ती गजबजलेल्या पाण्यावरही असते. फरक एवढाच की येथे ती फलकावर लिहिलेली नसते. जो कमी हलू शकतो, त्याला अधिक हलू शकणाऱ्याने वाट द्यावयाची, हे तिचे मूळ सूत्र. पाण्यातील स्नानार्थी सर्वांत असहाय, म्हणून नावेने त्याच्यापासून दूर राहावे. वल्ह्याच्या नावेला यांत्रिक नावेने वाट द्यावी आणि जवळून जाताना वेग उतरवावा, कारण मोटारीच्या नावेमागे उठणारी लाट लहान होडीला धक्का देते. प्रवाहाबरोबर खाली येणाऱ्या नावेला थांबणे कठीण असते, म्हणून अरुंद जागी प्रवाहाविरुद्ध चढणाऱ्या नावेने बाजूला थांबावे. जुने नावाडी हे न सांगता पाळतात. स्वतः वल्हे हाती घेण्याचा हट्ट करणाऱ्या पाहुण्याला मात्र यातले काही ठाऊक नसते आणि घाटासमोर तो हट्ट कोणीही करू नये.

स्नानार्थींच्या बाजूनेही कर्तव्य आहे. नावा लागतात त्या जागी स्नानास उतरू नये, नावेच्या दोराला वा सुकाणूला लोंबकळू नये आणि दोन नावांच्या मधून पोहत जाऊ नये. अनेक कुटुंबे नवस फेडण्यासाठी नर्मदामैयाला चुनरी अर्पण करतात. कधी कधी नावेच्या साहाय्याने साड्यांची लांबलचक चुनरी या काठापासून त्या काठापर्यंत नेली जाते. पाण्यावर पसरलेले हे वस्त्र वल्ह्यात, यांत्रिक नावेच्या पंख्यात आणि पोहणाऱ्याच्या पायांत अडकू शकते. विधी सुरू असताना इतर नावांनी थांबावे किंवा लांबून वळसा घ्यावा, आणि विधी करणाऱ्यांनी वस्त्र पाण्यातच सोडून न देता परत गोळा करावे. त्यात श्रद्धेला कोठेही उणेपणा येत नाही.

परिक्रमावासींचा प्रश्न वेगळा आहे. जगन्नाथ कुंटे यांच्या 'नर्मदेऽ हर हर' या पुस्तकानंतर महाराष्ट्रातून परिक्रमेला निघणाऱ्यांची संख्या लक्षणीय वाढली आणि त्याआधी गो. नी. दांडेकरांच्या 'कुणा एकाची भ्रमणगाथा'ने ही वाट मराठी वाचकांना दाखवली होती. अमरकंटकापासून समुद्रापर्यंत १,३१२ किलोमीटर वाहणाऱ्या या नदीला उजव्या हाताला ठेवून चालताना ती कोठेही ओलांडावयाची नाही, असा परिक्रमेचा दंडक आहे. समुद्रसंगमाजवळ नावेने पलीकडे जाणे तेवढे त्यात बसते. म्हणून परिक्रमावासीला पैलतीरी किंवा पात्रातील मंदिराकडे नेण्याचा आग्रह करू नये. परंपरेने ते खोल पाण्यातही उतरत नाहीत, आणि हा जुना दंडक सुरक्षिततेच्या दृष्टीने इतरांनीही उचलावा असा आहे. वाटेत भेटलेल्या यात्रेकरूला "नर्मदे हर" म्हणणे हा येथील नमस्कार. नावाड्याला "भैया" वा वयाने मोठा असल्यास "दादा" म्हणावे, आणि भाव नाव सुटण्यापूर्वी ठरवावा. पात्राच्या मध्यावर सुरू झालेली घासाघीस कोणाच्याच हिताची नसते. दर कमी करून घेण्यासाठी "आणखी चार जण बसवा" असे सुचवणारा प्रवासीच असतो, ही गोष्ट येथे नोंदवणे आवश्यक आहे.

स्नान करणाऱ्या, विशेषतः स्त्रियांच्या दिशेने कॅमेरा धरू नये. पार्श्वभूमीला घाट हवा म्हणून घेतलेल्या चित्रातही अनोळखी व्यक्ती येणार नाही, याची काळजी घ्यावी. साबण आणि शाम्पू नदीत वापरू नये. त्याने पाणी बिघडतेच, शिवाय पायरी निसरडी होऊन मागून येणारा घसरतो. दिवा पानाच्या द्रोणात सोडावा, थर्माकोल वा प्लास्टिकच्या वाटीत नव्हे. फुटलेल्या मूर्ती, जुन्या तसबिरी आणि काचेची बाटली पाण्यात टाकणारा हा पुढच्या स्नानार्थीच्या पायाखाली काच पेरतो.

कोणी बुडत असेल तर

बुडणारा माणूस ओरडतो आणि हात हलवतो, ही चित्रपटांनी रूढ केलेली कल्पना आहे. प्रत्यक्षात श्वास घेण्याच्या धडपडीत आवाज फुटत नाही. डोके मागे कलते, तोंड पाण्याच्या पातळीवर वर-खाली होते, हात दोन्ही बाजूंनी पाणी दाबत राहतात. हे सारे निःशब्दपणे, एखाद-दोन मिनिटांत घडते. खेळत असलेले मूल एकाएकी गप्प झाले, तर त्याच्याकडे तत्काळ पाहावे.

मदतीसाठी उडी टाकणे ही स्वाभाविक ऊर्मी असली, तरी एकाला वाचवताना दोघे-तिघे बुडण्याच्या घटना याच ऊर्मीतून घडतात. घाबरलेला माणूस वाचवणाऱ्याला घट्ट मिठी मारतो आणि खाली ओढतो. म्हणून आधी मोठ्याने हाक मारून नावाड्यांना बोलवावे. घाटावर सर्वांत जलद पोहोचणारे तेच असतात. काठावर आडवे होऊन बांबू, वल्हे, पंचा किंवा साडीचे टोक पुढे करावे. अंतर अधिक असेल तर दोर, हवा भरलेली ट्यूब, झाकण लावलेला रिकामा डबा, जे तरंगेल ते फेकावे. प्रवाहात वाहणाऱ्या माणसाच्या थोडे खालच्या बाजूला दोर पडला पाहिजे, कारण तो हाती लागेपर्यंत माणूस पुढे सरकलेला असतो.

स्वतः वाहून जात असल्यास प्रवाहाविरुद्ध झुंजू नये. पाठीवर तरंगावे, पाय पुढे म्हणजे प्रवाहाच्या दिशेला ठेवावेत, जेणेकरून खडक आला तर पाय आधी लागतील, आणि तिरके सरकत काठ गाठावा. वेगवान पाण्यात मध्येच उभे राहण्याचा प्रयत्न करू नये. खडकांच्या फटीत पाय अडकल्यास प्रवाह माणसाला पाण्याखाली दाबून ठेवतो. नाव उलटली तर तिला धरून राहावे. लाकडी नाव पाणी भरल्यावरही बहुधा तरंगते आणि दूरवरून ती माणसाच्या डोक्यापेक्षा लवकर दिसते.

बाहेर काढलेल्या व्यक्तीला उलटे टांगणे, पोट दाबून पाणी काढणे किंवा चाकावर फिरवणे हे उपाय आजही केले जातात आणि ते घातक आहेत. त्यांत अमूल्य मिनिटे जातात, शिवाय पोटातील पाणी व अन्न श्वासनलिकेत जाण्याची भीती असते. व्यक्ती प्रतिसाद देत नसेल आणि श्वास चालू नसेल, तर तिला सपाट जागी उताणे ठेवून डोके किंचित मागे कलवावे, नाक चिमटीत धरून तोंडाने श्वास द्यावेत आणि त्यानंतर छातीच्या मध्यभागी जोरात व जलद दाब द्यावेत. ३० दाब आणि २ श्वास हा क्रम वैद्यकीय मदत येईपर्यंत चालू ठेवावा. बुडालेल्याच्या शरीरात प्राणवायूची कमतरता हीच मूळ समस्या असल्याने, इतर वेळी पुरेसे मानले जाणारे केवळ छातीचे दाब येथे पुरत नाहीत. व्यक्ती शुद्धीवर आली आणि बरी दिसली, तरी तिला रुग्णालयात नेणे आवश्यक असते, कारण फुप्फुसांत गेलेल्या पाण्याचा त्रास काही तासांनी वाढू शकतो. आणीबाणीसाठी ११२ आणि रुग्णवाहिकेसाठी १०८ हे क्रमांक आहेत. मध्य प्रदेशात जलबचावाचे काम होमगार्ड आणि राज्य आपत्ती आपत्कालीन प्रतिसाद दलाकडे असते. दूरध्वनी करताना केवळ "नर्मदा घाट" असे न सांगता घाटाचे नाव, कोणता काठ आणि व्यक्ती शेवटची कोठे दिसली, हे सांगावे. ग्वारीघाटाच्या दोन्ही तीरांना जाण्याचे रस्ते वेगळे आहेत आणि चुकीच्या काठावर पोहोचलेल्या पथकाला पूल गाठून परत यावे लागते.